पोलिसांचा गोळीबार सराव घेणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य पोलीस दलात कवायत आणि शस्त्र निदेशक म्हणून माझी नोकरी झाली, तीही बरीचशी पुणे जिल्ह्यातच. आता निवृत्त होऊन हडपसरला राहतो. नव्याने निदेशक झालेली मुलं-मुली फोन करतात, काही जण घरी येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. तुमच्या घटकाचे स्थायी आदेश आणि हत्याराची अधिकृत पुस्तिका यांच्याशी माझं म्हणणं कुठे जुळलं नाही, तर आदेश पाळा.

मला शस्त्र निदेशक म्हणून नेमलंय. पण मी काही मोठा नेमबाज नाही. चालेल का?

चालेल. तुमचं फायर बरं असायला हवं, दलात पहिलं असण्याची गरज नाही. ज्याला नेम आपसूक जमला, त्याला दुसऱ्याचा का चुकतो हे बऱ्याचदा सांगता येत नाही. जो स्वतः चुकत चुकत शिकला, त्याला चूक कुठे लपते ते माहीत असतं.

निदेशकाचं खरं काम माणूस वाचण्याचं आहे. फायर चालू असताना नवा निदेशक टार्गेटकडे बघतो. तिकडे बघून काही हाती लागत नाही, भोकं नंतरही मोजता येतात. नेमबाजाच्या मागे, थोडं उजव्या अंगाला उभे राहा आणि त्याचं बोट, मनगट, खांदा, जबडा बघा. दात आवळले असतील, श्वास कोंडला असेल, ट्रिगर दाबण्याआधीच पापणी मिटत असेल, तर गोळी कुठे जाणार ते सुटण्याआधीच कळतं.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की करा: रेंजवर सगळ्यात धोक्याची असते ती लपवलेली गोष्ट. भीती, कमजोर नजर, अडकलेलं हत्यार, हरवलेली पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल), रात्रभर न झालेली झोप. माणूस हे का लपवतो? कारण सांगितलं तर चारचौघांत लाज निघेल असं त्याला वाटतं. ती लाज तुमच्या रेंजवर नसेल, तर निम्मे अपघात तिथेच टळतात.

निदेशकांसाठी रीतसर अभ्यासक्रम असतात. इंदूरला सीमा सुरक्षा दलाचं शस्त्र आणि रणनीती विद्यालय आहे, राज्यांचे पोलीस तिथे जातात. संधी आली तर घरची अडचण असली तरी जा.

पुण्यात हे प्रशिक्षण होतं कुठे? गोळीबार मैदानावर अजून गोळीबार होतो का?

नाही. शंकरशेठ रस्त्यावरचा गोळीबार मैदान चौक आता सिग्नल आणि गर्दीचा चौक आहे, नाव तेवढं राहिलं.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र पुणे जिल्हा भरलेला आहे. रामटेकडीला राज्य राखीव पोलीस बलाचे गट एक आणि दोन, दौंडला गट पाच आणि सात, तिथून जवळच नानवीजचं प्रशिक्षण केंद्र, आणि घाटावर खंडाळ्याचं पोलीस प्रशिक्षण केंद्र. नाशिकच्या अकादमीचा उगमही पुण्याचाच. १९०६ साली भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, ती प्रशिक्षण शाळा म्हणून सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली.

रेंज कुठलीही असो, सरावाच्या दिवशी पहाटे स्वतः चालत बटापर्यंत, म्हणजे टार्गेटमागच्या गोळ्या अडवणाऱ्या बांधापर्यंत, जा. आपल्याकडच्या रेंज टेकडीच्या पोटाशी असतात. टेकडीवर गुराखी असतो, सरपणाला आलेली बाई असते, बटातलं शिसं वेचून भंगारात विकणारी पोरं असतात. लाल झेंडा लावला म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरून चालू नका. सेंट्री लावा, त्याच्याकडे शिट्टी आणि वॉकीटॉकी द्या, आणि त्याच्याकडून ‘क्लिअर’ ऐकल्याशिवाय काडतुसांची एकही पेटी उघडू नका. रायफलची गोळी टार्गेट चुकली तर दोन-तीन किलोमीटर सहज जाते.

पहिल्याच दिवशी फायर घ्यावं का?

मुळीच नाही. नवप्रविष्ठ शिपायांना घाई असते, त्यांना नऊ महिन्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात या दिवसाचंच अप्रूप असतं. तरी आधी हत्याराची ओळख, खोलणं-जोडणं, भरणं-खाली (रिकामं) करणं, पोझिशन, शिस्त घेणं आणि ट्रिगर हे सगळं कोरडं व्हायला हवं. शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं, हा आपल्या शस्त्रवर्गातला जुना शब्द. दोन्ही अर्थांनी लागू पडतो म्हणून मला तो फार आवडतो.

कोरड्या सरावाला काडतूस लागत नाही, रेंज लागत नाही. खोलीत जिवंत काडतूस नाही हे दोघांनी तपासायचं, हत्यार खाली आहे हे डोळ्यांनी आणि बोट घालून बघायचं, आणि भिंतीवर चिकटवलेल्या छोट्या ठिपक्यावर ट्रिगर दाबायचा. रायफलच्या बॅरलवर पुढे एक रुपयाचं नाणं ठेवा. ट्रिगर सुटल्यावर नाणं पडलं नाही तर हात स्थिर. लागोपाठ वीस वेळा नाणं राहिलं, की तो माणूस फायरिंग लाइनवर यायला तयार झाला असं मी धरायचो.

सुरक्षिततेचे नियम नेमके किती?

फलकांवर पंधरा-वीस लिहिलेले असतात. माणसाच्या हाडात मुरायला हवेत ते चारच. प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असंच समजायचं. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही, त्याच्याकडे नळीचं तोंड जाऊ द्यायचं नाही. नेम पक्का होऊन झाडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, सरळ. आणि आपल्या लक्ष्याच्या पुढे, मागे, आजूबाजूला काय आहे ते ठाऊक असायला हवं.

आता जिथे माणसं खरोखर फसतात, त्या जागा सांगतो.

माझ्या पाहण्यातले बहुतेक नकळत झालेले फायर रेंजवरचे नव्हते. ड्यूटी संपवून हत्यार जमा करताना किंवा साफ करताना झाले. कारण जवळजवळ नेहमी एकच: क्रम उलटा झाला. आधी मॅगझिन काढायचं, मग हत्यार कॉक करून, म्हणजे बोल्ट किंवा स्लाइड मागे ओढून, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) खाली करायचं. थकलेला माणूस आधी कॉक करतो, एक गोळी बाहेर पडते, त्याला बरं वाटतं; तेवढ्यात मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये गेलेली असते. मग तो मॅगझिन काढतो आणि हत्यार खाली झालं असं मानून ट्रिगर दाबतो.

दुसरी जागा म्हणजे हत्यार बदलणं. ब्राउनिंग पद्धतीच्या जुन्या ९ एमएम पिस्तुलात मॅगझिन काढलेलं असेल तर ट्रिगर काम करत नाही. वर्षानुवर्षं ते वापरलेल्या माणसाच्या डोक्यात ‘मॅगझिन बाहेर म्हणजे पिस्तूल मेलं’ हे बसलेलं असतं. त्याच्या हातात ग्लॉक पिस्तूल दिलं, की ते मॅगझिनशिवायही चेंबरमधली गोळी झाडतं. शिवाय ग्लॉक साफसफाईसाठी खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो. एवढी एक गोष्ट नव्या हत्याराच्या पहिल्या तासात दहा वेळा सांगा आणि प्रत्येकाकडून म्हणवून घ्या.

हत्यार खाली करण्यासाठी वाळूची पेटी ठेवा आणि नळी तिच्यातच धरायला लावा. पेटी नाही, जागा नाही, अशी सबब कुणी सांगितली तर ऐकू नका. पत्र्याचा डबा आणि चार घमेली वाळू कुठेही मिळते.

कोणकोणती हत्यारं शिकवावी लागतात?

घटकाकडे जी आहेत ती सगळी. थ्री नॉट थ्री, ७.६२ एसएलआर, इन्सास, एके-४७ या रायफली, ९ एमएम कार्बाइन, पिस्तूल, शिवाय गॅसगन. इन्सासची रचना आपल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासून चालू आहे. प्रशिक्षणार्थींना हे जरूर सांगा. हातातल्या हत्याराचं गाव कळलं, की माणूस ते जरा जास्त आपुलकीने पुसतो, हा माझा अनुभव आहे.

कमांड हिंदीतच का देतात? मराठीत दिल्या तर?

परंपरेने हिंदीत आल्या आणि सगळ्यांच्या कानात त्याच बसल्या आहेत. ‘निरीक्षण के लिए जाँच शस्त्र’ (हत्यार रिकामं असल्याचं तपासायला दाखवा) म्हटलं की हात आपोआप हलतात. त्या बदलू नका. समजावणं मात्र मराठीतच करा, आणि समोरचा ज्या गावचा असेल त्या गावच्या मराठीत करा. ‘बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर’ हे गडचिरोलीच्या मुलाला आणि कोल्हापूरच्या मुलीला वेगवेगळ्या शब्दांत सांगावं लागलं तर सांगा. एक गोष्ट कुठल्याही भाषेत चालेल: ‘थांबा’. धोका दिसला तर रेंजवरच्या कुणीही, अगदी पाणी देणाऱ्यानेही, मोठ्याने थांबा म्हणावं आणि सगळ्यांनी बोटं बाहेर काढावीत.

मुलगा कोरड्या सरावात उत्तम, पण खरं फायर केलं की गोळ्या खाली डावीकडे जातात.

उजव्या हाताने फायर करणाऱ्याच्या पिस्तुलाची ही नेहमीची गोष्ट. तो धक्क्याला घाबरतो. आवाज आणि धक्का येणार हे माहीत असल्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणभर आधी मनगट खाली दाबतो आणि सगळी मूठ एकदम आवळतो. ‘घाबरू नको’ म्हणून हे जात नाही. उलट आता दोन गोष्टी लपवायच्या होतात, भीती आणि तुम्ही सांगूनही न गेलेली भीती.

उपाय जुना आहे आणि हमखास आहे. त्याचं मॅगझिन तुम्ही भरा. जिवंत काडतुसांत दोन-तीन ड्रिल काडतुसं (दारू नसलेली, सरावाची) मिसळा, कुठे ते सांगू नका. ड्रिल काडतुसावर ट्रिगर पडला, की धक्का येत नाही, पण पिस्तुलाची नळी मात्र ठळक खाली डुलते. त्याला स्वतःला दिसतं. तुम्ही काही बोलायचं नाही. पाच-सात वेळा असं झालं, की तो हसतो, आणि तिथून सुधारणा सुरू होते.

त्यानंतर ट्रिगरचं बोला. ट्रिगर ओढायचा नसतो, त्यावर भार वाढवत न्यायचा असतो. नेमकी कधी गोळी सुटेल ते स्वतःलाही कळू नये इतक्या सावकाश. सुटल्यावर बोट लगेच सोडायचं नाही. ते मागे धरून ठेवायचं, फोरसाइट (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) पुन्हा जागेवर आलेली बघायची, मग सोडायचं. थ्री नॉट थ्री असेल तर कुंदा खांद्याच्या खळगीत घट्ट बसलाय ना ते हात लावून बघा. सैल धरलेल्या रायफलने खांदा काळानिळा झालेला पोरगा पुढची पाचही वर्षं डोळे मिटूनच फायर करतो.

पंचेचाळिशीच्या पुढचे हवालदार वार्षिक सरावात का मागे पडतात? सराव कमी म्हणून?

सराव कमी हे एक झालं. त्याहून मोठं कारण डोळ्यांत आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पिस्तुलाची फोरसाइट हातभर अंतरावर असते. नेम धरताना तीच स्वच्छ दिसायला हवी, बॅकसाइट (मागची नेमाची खाच) आणि टार्गेट थोडं धूसर चालतं. चाळिशी लागली, की नेमकं तेच अंतर धूसर होतं. टार्गेट झकास दिसतं, म्हणून माणूस म्हणतो माझी नजर चांगली आहे. पण फोरसाइटचा धुरकट ठोकळा होतो.

आमच्याकडे एक हवालदार होते, तरुणपणी चांगले नेमबाज. दोन वर्षं त्यांचं फायर घसरत गेलं. ते म्हणायचे हत्यार जुनं आहे, काडतूस दमट आहे. एकदा मी पेटी त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, ‘काका, जरा लॉट नंबर वाचा, मी लिहून घेतो.’ त्यांनी पेटी लांब धरली, अजून लांब धरली, मग माझ्याकडे बघितलं. चाळिशीचा चष्मा खिशातच होता. चष्मा दिसला तर हत्याराच्या ड्यूटीवरून काढतील, मुलं हसतील, असं त्यांना वाटत होतं.

वाचायचा चष्मा इथे पुरत नाही, तो पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. चष्मेवाल्याला हात लांब करून दाखवायचं की मला या अंतरावर स्वच्छ दिसायला हवं. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून बघायला मान मागे जाते आणि पोझिशन मोडते, तेही तपासा. काकांनी तसा चष्मा करून घेतला. पुढच्या सरावाला त्यांचं ग्रुपिंग, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा घोळका, तळहाताएवढं आलं, आणि त्यानंतर त्या घटकात आणखी सहा जणांनी खिशातले चष्मे बाहेर काढले.

त्याच वेळी कुठला डोळा प्रबळ आहे ते बघा. दोन्ही हातांची मिळून छोटी खिडकी करायची, दूरची वस्तू तिच्यातून बघायची, आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या आणि डाव्या डोळ्याच्या माणसाला रायफल फार त्रास देते, आणि त्याला कारण कळत नसतं.

महिला पोलिसांना वेगळं शिकवावं लागतं का?

शिकवणं तेच, मापं वेगळी. राज्यात पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे तुमच्या वर्गात त्या भरपूर असणार. दोन ओळींचं मॅगझिन असलेल्या पिस्तुलाची मूठ जाड असते. लहान पंजाचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोहोचत नाही आणि पिस्तूल हातात फिरवून धरलं जातं. ते आधी बघा. रायफलचा कुंदा लांब पडतो म्हणून त्या पाठ मागे झुकवतात, तेव्हा वजन पुढच्या पायावर आणायला लावा. धीम्या, काटेकोर सरावात मुली बऱ्याचदा मुलांपेक्षा लवकर स्थिरावतात, कारण त्या सांगितलेलं ऐकून तसंच करतात.

गरोदर असलेल्या किंवा बाळाला पाजणाऱ्या महिलेला रेंजवर फायरला उभं करू नका. काडतुसाच्या धुरात शिसं असतं, आणि आवाजाचा धक्का पोटातल्या बाळापर्यंत जातो. पण हे तिला चारचौघांत विचारायचं नाही. महिला अंमलदारामार्फत आधीच सगळ्यांना सांगून ठेवा आणि कारण न विचारता सूट घेता येईल अशी सोय ठेवा.

एक पुंगळी कमी भरली तर काय करायचं?

शोधायची. मिळेपर्यंत.

जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या अधिक उरलेली काडतुसं, हा हिशेब सरावाच्या नोंदवहीत जुळलाच पाहिजे. एका संध्याकाळी आमची एक पुंगळी कमी आली. साठ जण मोबाइलचा उजेड पाडून गवत चाळत होते. अंधार पडला. शेवटी मी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि म्हटलं, मी पाठ करून उभा राहतो, माझ्या मागे टोपी ठेवली आहे, पाच मिनिटांत पुंगळी टोपीत दिसली तर विषय संपला. ती दिसली. कुणीतरी मुलाला दाखवायला घरी न्यायची म्हणून खिशात घातली होती. कुणी, ते मला आजही माहीत नाही, आणि मी ते शोधलंही नाही. झडती घेतली असती तर पुंगळी मिळाली असती, पण पुढच्या वेळी तीच वस्तू झाडीत भिरकावली गेली असती.

पुंगळी गरम असते, हेही आधी सांगा. शर्टाच्या कॉलरमधून आत गेली, की माणूस हत्यारासकट गर्रकन वळतो. कॉलरचं वरचं बटण लावा, आणि भाजलं तरी नळी पुढेच ठेवायची हे कोरड्या सरावात करून घ्या.

हत्यार अडकलं तर?

नेमबाजाने नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा. शिकाऊ असेल तर बस, पुढचं तुम्ही करायचं. ट्रिगर पडूनही आवाज आला नाही तर नळी तशीच धरून तीस सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुस्स झाला, तर सराव तिथेच बंद. गोळी नळीतच अडकली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. नळी तपासल्याशिवाय ते हत्यार पुन्हा हातात द्यायचं नाही.

शिकून तयार झालेल्यांना ‘फौरी इलाज’, म्हणजे अडकलेलं हत्यार तिथल्या तिथे चालू करणं, कोरडा, रोज, डोळे मिटून करता आला पाहिजे. बंदोबस्तात निदेशक शेजारी नसतो.

तुमच्या हातून कधी चूक झाली का?

झाली, आणि ती मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आलो.

पुण्याबाहेरच्या एका रेंजवर कार्बाइनचा सराव होता. शेवटच्या लेनवर एक तरुण शिपाई होता. सकाळी पोझिशन चुकली म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल तसं झापलं होतं. त्याची डिटेल (फायर करणारी तुकडी) लागली आणि त्याचं हत्यार अडकलं. त्याने हात वर केला नाही. सकाळचं परत ऐकावं लागेल म्हणून तो स्वतःच बोल्ट खेचत राहिला. जमेना तेव्हा मला विचारायला वळला. नळी माझ्या पोटासमोर होती आणि बोट ट्रिगरवर. शेजारच्या लेनवरच्या हवालदाराने झडप घालून नळी खाली दाबली. नंतर हत्यार रिकामं करताना चेंबरमधून जिवंत काडतूस पडलं.

प्रसंगाची नोंद झाली तेव्हा अहवालात त्याच्या चुकीआधी माझी चूक लिहायला मी स्वतः सांगितलं. त्या दिवसानंतर मी रेंजवर आवाज चढवला तो फक्त आज्ञेसाठी आणि धोक्यासाठी. आईबहिणीवरून शिवी तर कधीच नाही. काही जुने उस्ताद म्हणतात की धाक नसला तर पोरं ढिली पडतात. मला ते पटत नाही. धाकाने हात थरथरतो, आणि थरथरणारा हात निदेशकाला सांगत नाही की हत्यार अडकलंय.

कान आणि शिशाबद्दल खरंच एवढी काळजी घ्यावी लागते का?

हो. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, त्याने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. माझ्या डाव्या कानात रात्री शिट्टी वाजते, ती तरुणपणी कापसाच्या बोळ्यावर भागवल्याची. प्लग किंवा मफ असल्याशिवाय लाइनवर कुणी नको, निदेशकही नाही. रेंजवर खाणं, तंबाखू मळणं, बिडी बंद. संपल्यावर साबणाने आणि गार पाण्याने हात-तोंड धुवायचं, आणि घरी लेकरू उचलायच्या आधी वर्दी बदलायची.

बालेवाडीला नेमबाजी शिकलेली मुलं भरतीत येतात. त्यांना शिकवायची गरज असते का?

त्यांचा पाया फार सुंदर असतो. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, तो याच बालेवाडीच्या रेंजवर घडला. श्वास, ट्रिगर, संयम हे त्या मुलांकडून बाकीच्यांनी शिकावं.

पण पोलिसाचं लक्ष्य कागदाचं नसतं आणि बऱ्याचदा ते लक्ष्यच नसतं. धाप लागलेली, अंधार, मध्ये लोक, हातात मोबाइल आहे की पिस्तूल ते कळत नाही. अशा वेळी नजर बोगद्यासारखी होते, आवाज ऐकू येईनासे होतात, बोटांची कुसर जाते. म्हणून पन्नास मीटर पळवून आणून फायर घ्या. ‘झाडू नका’ अशी टार्गेटं मिसळा: कडेवर मूल घेतलेली बाई, हातात पाकीट धरलेला माणूस. न झाडण्याला पूर्ण गुण द्या आणि चुकीचं झाडलं तर सगळे गुण कापा. माझ्या वर्गात एका उत्तम नेमबाजाचे असेच सगळे गुण गेले होते. तो दोन दिवस गप्प होता, मग स्वतःहून येऊन म्हणाला, पुन्हा घ्या.

कायदा निदेशकाने शिकवायचा का? तो आंतरवर्गाचा, म्हणजे वर्गात बसून शिकायचा, विषय आहे ना?

आंतरवर्गात कलमं शिकवतात. ती बोटापर्यंत उतरवायचं काम मैदानावरच्या बाह्यवर्गाचं, म्हणजे तुमचं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, तेव्हा जुने क्रमांक सांगू नका. अटक करताना विरोध झाला तर आवश्यक तेवढं बळ वापरता येतं, पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३. बेकायदा जमाव पांगवण्याचं कलम १४८. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे आणि त्यातलं ३७ नीट वाचून घ्या, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही हे तिथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल तर आपल्याच राज्याचा. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवणं, स्वतंत्र तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि अधिकाऱ्याने आपलं हत्यार तपासणीसाठी जमा करणं, हे सगळं त्यात आहे. प्रत्येक सरावानंतर एकाला उभं करा आणि विचारा: आत्ता तू जी गोळी झाडलीस ती का झाडलीस, दोन वाक्यांत लिहून दे. ज्याला ते लिहिता येत नाही त्याला कोर्टात सांगताही येणार नाही.

जमाव अंगावर आला तर आधी हवेत एक गोळी झाडावी ना?

लोकांच्या मनात हे पक्कं बसलंय, पोलिसांच्याही. हवेत गेलेली गोळी कुठेतरी पडतेच. पेठांमध्ये मिरवणूक बघायला लोक गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर उभे असतात. वर झाडलेली गोळी त्यांच्याच दिशेने जाते. इशारा तोंडाने द्यायचा, भोंग्यावरून, स्पष्ट मराठीत आणि हिंदीत, आणि तो पाळायला वेळ द्यायचा. पोलिसांनी बळ आणि बंदूक कशी वापरावी याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या तत्त्वांतही इशारा देणं आणि तो पाळायला वेळ देणं आहे. मग जो प्रसंगप्रमुख असेल त्याच्या हुकमाने, नेम धरून, एकेक, कमरेखाली. जमाव मागे सरकला की त्याच क्षणी बंद, आणि जखमींना आधी दवाखाना.

पालखी, गणपती, निवडणुका. सरावाला माणसंच मिळत नाहीत.

खरं आहे, पुण्याचं वर्ष बंदोबस्तातच जातं. विसर्जन मिरवणूकच चोवीस तासांच्या वर चालते. त्यात काडतुसांची टंचाई वेगळी. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने सरावाच्या या उणिवेवर बोट ठेवलं होतं, तेव्हा ही तक्रार नवी नाही.

मी दोन गोष्टी करायचो. जानेवारी ते मे या महिन्यांत फायर उरकायचं, पावसाळ्यावर काही ठेवायचं नाही. आणि हत्यार घेताना-देताना प्रत्येकाकडून पाच मिनिटं कोरडा सराव, शस्त्रागाराच्या दारातच, वाळूच्या पेटीसमोर. वर्षातून एकदा पन्नास गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा रोज पाच मिनिटं कोरडं करणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. सलग बंदोबस्तावरून आलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी फायरला उभं करू नका, वरून कितीही सांगितलं तरी. नम्रपणे लेखी नाही म्हणा.

पावसाळ्यात हत्यारांची निगा?

चिंदी कोरडी येईपर्यंत नळी पुसा, मग हलकं तेल. फार तेल ओतलं तर काडतूसही खराब होतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल रात्रभर ठेवू नका, चामडं ओल धरतं.

एखाद्याचं मन ठिकाणावर नाही असं वाटलं तर?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि विचारतात तेव्हा दार लोटून घेतात.

बोलका माणूस गप्प झाला, सुट्टी नाकारल्यावर चेहरा विझला, दारूचा वास, घरचं भांडण, कर्ज, हत्याराकडे नुसतं बघत बसणं. असं काही दिसलं तर त्या दिवशी त्याला जिवंत काडतूस देऊ नका. चारचौघांत कारण सांगू नका. ‘आज तू बट पार्टीत, माझ्यासोबत’ एवढंच म्हणा आणि त्याला खरोखर सोबत ठेवा. दुपारी एकत्र डबा खा. मग सरळ विचारा: जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. आलेला असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा, हत्याराची ड्यूटी थांबवायला सांगा, आणि डॉक्टरपर्यंत स्वतः सोबत जा.

आणि त्याला हे नक्की सांगा की हत्यार काढून घेतलंय ते परत देण्यासाठी. माझ्याकडे एक जण असा पाच महिने हत्याराविना होता, कार्यालयात टपालाचं काम करत होता. ज्या सकाळी त्याचं नाव पुन्हा फायरच्या यादीत आलं, त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी रेंजवर येऊन लाल झेंडा लावत होता.

सराव संपल्यावर शेवटचं काम कोणतं?

जाँच शस्त्र, दोनदा, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. पुंगळ्या आणि काडतुसं मोजून नोंदवहीत सही. प्रत्येकाकडून ‘माझ्याकडे जिवंत काडतूस किंवा पुंगळी नाही’ हे मोठ्याने. सेंट्री परत बोलवायचा, झेंडा उतरवायचा. मग मी दहा मिनिटं तिथेच बाकावर बसून राहायचो. ज्याला सगळ्यांसमोर बोलायचं नसतं, तो त्या दहा मिनिटांत येतो.